किनारा नसलेल्या जिल्ह्यातले किनारपक्षी

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, हे शाळेतल्या भूगोलापासून आपल्याला पाठ आहे. त्यामुळे ह्या वर्षीच्या अंकासाठी मी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर लिहिणार आहे असे म्हणताच आमच्या वर्गात हशा पिकला. ‘अंक आपला, पण किनारा कुणाचा?’ असेही एकाने विचारले. प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे उत्तर गंभीरपणे देण्यासारखे आहे, असे मला वाटते.

किनारपक्ष्याला समुद्रच हवा असतो, ही आपली समजूत चुकीची आहे. त्याला हवा असतो काठ. बोटभर ते वीतभर पाणी, त्याखाली मऊ गाळ, गाळात अळ्या, किडे, बारीक गोगलगाई आणि भोवती मोकळी जागा, म्हणजे वरून झडप घालणारा ससाणा वेळीच दिसावा. एवढे मिळाले की ही पाखरे मुंबईला शिवडीच्या खाडीत जशी उतरतात, तशीच निफाड तालुक्यातही उतरतात. त्यांना पाण्याची चव खारी की गोडी हा प्रश्न फारसा पडत नाही. आपला किनारा नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि त्याचे नाव नांदूर मध्यमेश्वर.

ह्या जागेची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा बांधला गेला. हेतू एकच, वरून येणारे पाणी अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यात वळवायचे आणि खालच्या कोरडवाहू टापूला, म्हणजे कोपरगाव, राहाता ह्या बाजूला पोचवायचे. त्या वेळच्या कागदांवर पक्ष्यांसाठी रकाना असण्याचे काही कारणच नव्हते. पण नदी नुसते पाणी आणत नाही, मातीही आणते. वर्षानुवर्षे बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाणी उथळ झाले, मध्ये मध्ये बेटे उघडी पडली, लव्हाळे उगवले. साठवणीचा हिशेब ठेवणाऱ्याने हा गाळ तोट्याच्या बाजूला मांडला. पक्ष्यांनी मात्र त्यात आपले कोठार पाहिले. १९८६ साली ह्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे २०१९ मध्ये रामसर कराराच्या यादीसाठी त्याची निवड झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर गावी झालेल्या ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव लागले ते नांदूर मध्यमेश्वरचे. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची.

काही जण म्हणतात, जे माणसाने बांधले ते निसर्ग कसे? त्यांना मी भरतपूरचे उदाहरण देतो. नांदूरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. ते मूळ भरतपूरही संस्थानिकांनी बांध घालून, पाणी वळवून तयार केलेलेच आहे आणि तेही शिकारीसाठी. तळे कोणी बांधले हे पाखरू विचारीत नाही. तेव्हा कृत्रिमतेचा आक्षेप आपण बाजूला ठेवू.

आता काठाकडे वळू. समुद्राच्या काठावर भरती-ओहोटी चंद्र ठरवतो. नांदूरची भरती-ओहोटी पाटबंधारे खाते ठरवते! रब्बीचे आवर्तन सुरू झाले की दारणा, गंगापूर अशा वरच्या धरणांतून पाणी सुटते, बंधाऱ्यामागे पातळी चढते आणि कालवे वाहू लागतात. आवर्तन संपले की पातळी उतरते आणि काठाचा ओला, ताजा गाळ उघडा पडतो. त्या ओल्या पट्ट्यावर पाखरांची पंगत बसते. म्हणजे कोपरगावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या गव्हाला पाणी कधी मिळते, ह्यावर सैबेरियातून आलेल्या पाखराचे जेवण अवलंबून असते. निसर्ग आणि व्यवहार ह्यांची इतकी घट्ट वीण मी अन्यत्र पाहिलेली नाही.

ही पंगत पाहण्यासारखी असते. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या काटकुळ्या पायांवर सर्वांत खोल पाण्यात उभा असतो आणि वरच्यावर टिपतो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा लांब सरळ चोच मुळापर्यंत गाळात खुपसतो. चोचीच्या टोकाला स्पर्शज्ञान असते, त्यामुळे न दिसणारा किडा त्याला चोचीनेच कळतो. पाणलाव्याचीही तीच रीत, मात्र तो गवताच्या कडेला इतका बेमालूम बसतो की पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही. कंठेरी चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. चार पावले धावायचे, थबकायचे, टिपायचे, पुन्हा धावायचे, हा त्याचा क्रम. तुतवार काठाकाठाने शेपूट हलवीत फिरतो. आणि सर्वांत चिमुकला छोटा टिलवा जेमतेम ओल्या चिखलावर शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवीत असतो. एकाच गाळात प्रत्येकाची खोली वेगळी, घास वेगळा. ‘सहजीवन’ ह्या विषयावर आपण वक्तृत्व स्पर्धेत पुष्कळ बोलतो. ते चिखलात कसे चालते हे एकदा दुर्बिणीतून पाहावे.

ह्या छोट्या टिलव्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास असते. आपल्या मेसमधल्या पोळीपेक्षाही तो हलका! उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन प्रदेशात तो उन्हाळ्यात पिले वाढवतो आणि पावसाळा ओसरता ओसरता आपल्याकडे येऊ लागतो. पाणटिवळ्याच्या एका चुलतभावाने, पट्टेरी शेपटीच्या जातीतल्या अवघ्या पाच महिन्यांच्या पिलाने, २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे साडेतेरा हजार किलोमीटरचे अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले. पाठीवर बसवलेल्या यंत्रामुळे ते कळले. अशा प्रवासाचे इंधन म्हणजे अंगातली चरबी आणि चरबीचा स्रोत म्हणजे गाळातले किडे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडून परत निघणारी पाखरे शिदोरी बांधतात ती इथल्याच चिखलात. त्यांच्या दृष्टीने नांदूरचा गाळ म्हणजे वाटेवरचे अन्नछत्र आहे.

आणि आपण काय पाहतो? आपण रोहित पाहायला जातो. गुलाबी रोहित आले अशी बातमी छापून आली की रविवारी चापडगावच्या वाटेवर मोटारींची रांग लागते. रोहित नसले की लोक मनोऱ्यावर चढतात, ‘काहीच नाही हो’ म्हणतात आणि उतरतात. त्याच क्षणी समोर शेकडो टिलवे, तुतवार, चिखल्या चरत असतात! पण ती मातीच्या रंगाची, हलती ढेकळेच जणू. म्हणून ती ‘काहीच नाही’ ह्या सदरात जातात. मला रोहितांबद्दल राग नाही. त्यांचे सौंदर्य कोण नाकारील? पण जे आपोआप नजरेत भरते तेवढेच पाहायचे ठरवले, तर पाहणे ही क्रिया शिकायची तरी कशाला?

इथे कला शाखेचा विद्यार्थी म्हणून मला बोलावेसे वाटते. पक्षी हा प्राणिशास्त्राच्या लोकांचा विषय, आपण कवितेपुरते त्यांच्याकडे पाहावे, अशी एक वाटणी आपल्या महाविद्यालयात नकळत होऊन बसली आहे. आपल्या साहित्याने तरी कोणते पक्षी घेतले? हंस, चक्रवाक, मोर, चातक, कोकीळ. चिखलातल्या पाखरांना तिथे आसन नाही. अपवाद एका टिटवीचा. पंचतंत्रातली गोष्ट अनेकांना आठवत असेल. समुद्राने टिटवीची अंडी नेली. ती पाखरांकडे गेली, पाखरे गरुडाकडे गेली, गरुड विष्णूकडे गेला आणि शेवटी समुद्राला अंडी परत करावी लागली. लोकव्यवहारात मात्र टिटवी ओरडली की अशुभ, असे आपण मानतो. शेतकरी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. तिने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊसपाणी चांगले, सखल जागी घातली की ओढ, असा अंदाज खेड्यापाड्यांत बांधतात. अंदाज खरा ठरो वा न ठरो, त्यासाठी टिटवीचे घरटे कुठे आहे हे आधी पाहावे लागते. पाहण्याची ही सवय शहरात येऊन शिकलेल्या आपल्यासारख्यांनी गमावली आहे.

शब्दांचेही तसेच. तुतवार, शेकाट्या, चिखल्या, पाणलावा ही नावे किती नेमकी आहेत! शेकाट्याचे पाय एकदा पाहिले की ते नाव कोणी बदलू म्हणणार नाही. मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात माणसांच्या तोंडची अशी नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांचे काम मराठीच्या विद्यार्थ्याने पुढे न्यायचे की प्राणिशास्त्राच्या? माझ्या मते दोघांनी मिळून. कोळी, मेंढपाळ, पाटकरी ह्यांच्या तोंडची नावे टिपून घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

इथवरचे लिखाण वाचून कोणी म्हणेल, पक्षी सुखी, लेखक सुखी, मग वाद कुठे आहे? वाद गाळातच आहे. गेल्या डिसेंबरात मी काठावर उभा असताना एक वयस्कर शेतकरी शेजारी येऊन थांबले. दुर्बिणीतून त्यांनीही पाहिले, पाणटिवळ्याचे कौतुक केले. मग म्हणाले, ‘‘पोरा, पाखरं लई ग्वाड. पण ह्यो गाळ आमच्या उरावर बसलाय, त्याचं काय?’’ त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. गाळामुळे बंधाऱ्यामागची जागा भरली आणि मोठ्या विसर्गाच्या वेळी पाणी मागे फुगते, अशी काठच्या गावांची तक्रार जुनी आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरात सायखेडा-चांदोरी भागात पाणी शिरले, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. ज्याच्या घरात पाणी शिरते त्याला टिलव्याचे वजन सांगण्यात अर्थ नाही. म्हणून गाळ काढा ही मागणी पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्या बाजूने, गाळ काढला तर अभयारण्यच जाईल अशी पक्षिमित्रांना धास्ती वाटते.

माझे मत असे की, ‘गाळ काढावा की काढू नये’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठला गाळ, किती आणि केव्हा, असे विचारले पाहिजे. नदीचा मुख्य प्रवाह जिथून जातो तिथला गाळ आणि उथळ काठावरचा गाळ ह्यांत फरक करता येतो. पाखरे चरतात ती काठावर, पुराला वाट हवी असते ती प्रवाहात. काम करायचेच तर उन्हाळ्यात, पाहुणे परतल्यावर करता येईल; अर्थात टिटवीसारख्या इथल्या रहिवाशांची अंडी त्याच दिवसांत काठावर असतात, हे ध्यानात ठेवून. २०१७ साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. तिच्यामागचा विचार, म्हणजे गाळ हे शेताचे खत आहे हा, चुकीचा नाही. पण प्रत्येक तलावाला एकच माप लावता येणार नाही. असा विवेक करायचा तर कोणत्या काठावर कोणते पाखरू किती संख्येने चरते, ह्याची वर्षानुवर्षांची नोंद हाताशी हवी. नोंद नसेल तर एका बाजूला भीती आणि दुसऱ्या बाजूला पोकलेन, एवढेच उरते.

गावकऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण शहरवासीयांनी आरशात पाहावे हे बरे. गोदावरी नांदूरला पोचते ती नाशिक ओलांडून. नासर्डी, वाघाडी ह्यांसारख्या उपनद्यांचे आपण नाले केले आणि ते गोदावरीत सोडले. त्या सांडपाण्यावर पाणवेली माजते. ती वाहत वाहत बंधाऱ्यामागे साचते आणि हिरव्या गालिच्यासारखी पसरते. छायाचित्रात ती सुंदरही दिसते! कमळपक्षी तिच्यावरून चालू शकतो, जांभळी पाणकोंबडी तिच्यात लपू शकते. पण टिलव्याची चोच त्या गालिच्यातून गाळापर्यंत पोचत नाही. रामकुंडावर आपण पवित्र म्हणून डोक्याला लावतो तेच पाणी खाली कोणत्या रूपाने जाते, हे पाहायचे असेल तर चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहावे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत नांदूर मध्यमेश्वरचे नाव येते ते जायकवाडीकडे सोडलेल्या क्युसेकबरोबर. त्या वेळी वरचे आणि खालचे जिल्हे आपापल्या हक्काचे पाणी मोजतात. मोजावेच, पण पाण्याबरोबर आपण खाली काय पाठवतो, तेही कोणी तरी मोजायला हवे.

ह्या साऱ्यात आपल्या हाती काय आहे? माझ्या मते, ही जागा सहज गाठता येते हेच आपले भांडवल आहे. पक्षी पाहायला हिमालयात किंवा आफ्रिकेत जावे लागते, हा श्रीमंतांचा समज आहे. इथे सकाळी निघालेला विद्यार्थी चांदोरी-सायखेड्याच्या वाटेने ऊन चढण्यापूर्वी काठावर पोचतो आणि संध्याकाळी घरी जेवायला परत येतो. वनखात्याचे मनोरे आहेत, आणि पाखरे नावानिशी ओळखणारी गावातली मुले वाटाड्या म्हणून बरोबर येतात. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात इतक्या लवकर मिळाले नसते. त्यांना त्यांचा मोबदला घासाघीस न करता द्यावा, कारण पाखरे राहिली तर गावाला दोन पैसे मिळतात, हा रक्षणाचा सर्वांत भक्कम पाया आहे.

पण जी जागा सहज गाठता येते ती सहज नासवताही येते. मोठ्याने गाणी लावणे, छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडवणे, काठावर वेफर्सच्या पिशव्या टाकणे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि करणारे आपल्याच वयाचे होते. आपल्याला वाटते, उडाले तर उडाले, पुन्हा बसतील. परंतु दर उड्डाणाला त्या पाखराच्या शिदोरीतले काही खर्च होते, आणि खर्च भरून काढायला चरण्याचे तास मोजकेच असतात. एक सुंदर छायाचित्र त्या हिशेबात महाग पडते.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे मी तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आपण जो खर्च करतो त्यातला थोडा भाग वाचवून ग्रंथालयात चार दुर्बिणी ठेवाव्यात आणि त्या पुस्तकांप्रमाणे घरी नेऊ द्याव्यात. दुसरी, नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी कोणत्याही शाखेच्या दहा-बारा विद्यार्थ्यांनी ठरलेल्या त्याच काठावर जाऊन मोजणी करावी आणि ती एका जाडजूड वहीत लिहावी. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आपली वही तिला जोड देईल. तिसरी, त्याच वहीत उजव्या पानावर गावकऱ्यांचे बोलणे लिहावे. पाणी कधी चढले, कधी उतरले, पाणवेल कुठवर आली, पाखराला ते काय म्हणतात. पक्षी आणि माणूस एकाच वहीत राहिले, तर उद्या गाळाचा निर्णय घेणाऱ्यांपुढे आपल्याला काही ठेवता येईल.

ह्यावर कोणी प्राध्यापक म्हणतील की, ह्याचा परीक्षेला उपयोग काय? नाही, गुण मिळणार नाहीत. पण आपण तीन वर्षे ह्या शहरात शिकतो, ह्या नदीचे पाणी पितो, आणि तीच नदी चाळीस किलोमीटर खाली काय वाढून ठेवते व काय बिघडवते हे न पाहताच पदवी घेऊन निघून जातो. हे शिक्षण पुरे आहे असे मला वाटत नाही. टिटवीची तक्रार गरुडापर्यंत गेली, कारण वाटेतल्या पाखरांनी ती ऐकून घेतली होती. टिलव्याला तक्रार करता येत नाही आणि काठावरच्या शेतकऱ्याची तक्रार शहरापर्यंत पोचत नाही. दोन्ही ऐकून घेऊन लिहून ठेवण्याएवढे मराठी तर आपल्याला नक्की येते.

येत्या नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी मी जाणार आहे. वही मी घेतली आहे, दुर्बीण उसनी मिळेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी सूचनाफलकाखाली आपले नाव लिहावे.

— तृतीय वर्ष, कला शाखा